वकीलबाईंनी काढलेला मुहूर्त

आपल्याला आयुष्यात एकच गोष्ट उत्तम जमते, असं सुनेत्रा पांढरीपांडे यांचं स्वतःबद्दल मत होतं, आणि ती म्हणजे तारीख घेणं. नागपूरच्या कोर्टात त्यांनी बरीच वर्षं वकिली केली. कायद्याचं ज्ञान बेताचं, आवाज मात्र दोन मजले खाली ऐकू जाणारा. पण तारखेच्या बाबतीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पक्षकार दबक्या आवाजात म्हणायचे, "बाई, पितृपक्षात नको हं," की बाई बेंच क्लार्कशी दोन गोड शब्द बोलून प्रकरण बरोबर नवरात्रात नेऊन ठेवायच्या. पक्षकार खटला हरला तरी तारीख चांगली मिळाली होती म्हणून समाधानाने घरी जायचा.

मग शैलेंद्रना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, कॅनडात केंब्रिजच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली आणि बाई काळा कोट बॅगेत घालून मागोमाग आल्या. तो कोट अजून बेसमेंटच्या कपाटात लटकलेला आहे. इथे वकिली करायची तर पुन्हा परीक्षा द्या, असं सांगण्यात आलं. बाईंनी दिली. कॅनडाच्या घटनेच्या पेपरात त्या भारताची घटना सविस्तर लिहून आल्या. हे त्या स्वतःच सांगतात, आणि वर म्हणतात की उत्तर बरोबर होतं, देश चुकला. शेवटी त्यांनी पॅरालीगलचं लायसन्स काढलं. पॅरालीगल म्हणजे छोट्या न्यायाधिकरणांपुढे उभी राहू शकणारी अर्धी वकील. केंब्रिजमधल्याच गॉल्ट भागातल्या जुन्या बाजारात, एका चपलांच्या दुकानाच्या वर, गरजूंना फुकट सल्ला देणारं दोन खोल्यांचं लीगल क्लिनिक होतं. तिथे बाई घरमालकांची गळकी छपरं आणि न चालणारे हीटर यांच्याविरुद्ध लढू लागल्या.

दोन हजार सतराच्या वसंतात टोवा लिपमन त्या जिन्याने वर आली. पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. एका कंपनीत मोटारींच्या सीटची शिवण तपासायची. कोट न काढता ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि हवामान सांगावं तशा आवाजात तिने आपली हकिगत सांगितली. ती ज्यू होती, त्या कारखान्यात एकटीच. तिच्या लॉकरवर कुणीतरी लांब आकडेबाज नाकाच्या माणसाचं चित्र चिकटवलं होतं. जेवणाच्या खोलीत लोक म्हणायचे, सगळ्या बँका तुम्हा लोकांच्या, मग तू इथे टाके कशाला बघतेस. तिने फोरमनकडे तक्रार केली. फोरमनचं नाव डग. तो म्हणाला, गंमत आहे, एवढं मनाला काय लावून घेतेस. आणि त्या तक्रारीनंतर एक नवीनच प्रकार सुरू झाला. यॉम किप्पूर हा त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, उपासाचा आणि प्रार्थनेचा. टोवा ऑगस्टमध्येच बिनपगारी रजा मागून ठेवायची, आणि नेमकी त्याच दिवशी तिला सक्तीची पाळी लागायची. दोन वर्षं ती रडत कामावर गेली. तिसऱ्या वर्षी गेली नाही. तेव्हा लेखी ताकीद मिळाली की पुन्हा गैरहजर राहिलीस तर नोकरी संपली.

सुनेत्राबाईंना संताप आला, आणि संताप आला की त्या बोलतात. पण त्या दिवशी त्या भलतंच बोलल्या. मला ज्यू लोकांबद्दल सगळं माहीत आहे, असं त्यांनी टोवाला सांगितलं. आमच्या महाराष्ट्रात मराठी बोलणारे ज्यू आहेत, बेने इस्रायली म्हणतात त्यांना, शेकडो वर्षं कोकणात गुण्यागोविंदाने राहिले. माझ्या मावशीच्या शेजारी किहीमकर म्हणून कुटुंब होतं, त्यांच्याकडचा मालिदा मी लहानपणी खाल्ला आहे. गोड पोहे, खोबरं आणि फळं, असं त्यांनी वर्णनही करून सांगितलं. टोवाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एका वाटीभर मालिद्याच्या भांडवलावर बाई एका अख्ख्या धर्माच्या जाणकार होऊन बसल्या होत्या, आणि खेदाची गोष्ट अशी की त्या वेळी ते त्यांच्या मुळीच लक्षात आलं नाही.

मानवाधिकार न्यायाधिकरणाकडे अर्ज गेला. सुनावणीच्या आधी मध्यस्थी असते, म्हणजे एक तटस्थ माणूस दोन्ही बाजूंना बसवून समेट होतो का ते बघतो. तिथल्या कार्यालयाने सप्टेंबरच्या काही तारखा कळवल्या आणि विचारलं, कुठली सोयीची. आता हे बाईंचं खास क्षेत्र. त्या ऑफिसातून घरी आल्या आणि फ्रिजवर लावलेल्या, मिसिसागाच्या इंडियन ग्रोसरीतून आणलेल्या मराठी दिनदर्शिकेपुढे चष्मा लावून उभ्या राहिल्या. मी अंधश्रद्धाळू नाही, असं त्या नेहमी म्हणतात, आणि त्यापुढे नेहमी 'पण' असतो. पितृपक्षातल्या तारखा त्यांनी बाद केल्या. अमावास्या बाद केली. एकवीस तारखेला गुरुवार होता आणि घटस्थापना होती. यापेक्षा चांगला दिवस काढून दाखवा, असं त्या फ्रिजलाच म्हणाल्या. कंपनीचे वकील गॅलोवे यांनीही होकार दिला. टोवाला ईमेल गेली आणि तिचं एका शब्दाचं उत्तर आलं, चालेल.

सप्टेंबर लागल्यावर तयारीसाठी बाईंनी टोवाला फोन केला. काय विचारतील, काय सांगायचं, हे सगळं झालं. फोन ठेवता ठेवता बाईंना राहवलं नाही.

"टोवा, तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण ही तारीख मी मुद्दाम निवडली. आमच्या देवीचे नऊ दिवस त्या दिवशी सुरू होतात. घरात घट बसवतात, मातीत धान्य पेरतात, त्याला कोंब येतात. त्या दिवशी हातात घेतलेलं काम फळाला येतं, असं आमच्याकडे मानतात."

"छान आहे," टोवा म्हणाली. "आमच्याकडेही त्या दिवशी एक गोष्ट सुरू होते."

"हो का? काय?"

"नवीन वर्ष."

 सणाला रजा देत नाहीत म्हणून ज्या कंपनीविरुद्ध सुनेत्राबाईंनी अर्ज ठोकला होता, त्या कंपनीच्या वरताण त्यांनी स्वतःच, पंचांग बघून, चष्मा लावून, आपल्या अशिलाला तिच्या वर्षप्रतिपदेला हजर राहायला सांगितलं होतं.

"मग तुम्ही चालेल का म्हणालात?" त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांचा आवाज दोन मजलेच काय, टेबलाच्या पलीकडेही गेला नसता.

 मग टोवा म्हणाली, "तुमची तारीख ठरवून झाली होती. पुन्हा एकदा कुणाला तरी समजावून सांगायचं, आणि तेही तुम्हाला, म्हटल्यावर मला थकवा आला. मी येईन, काळजी करू नका. मी नेहमीच येते."

बाईंनी फोन ठेवला. चुकीची लाज वाटत होतीच, पण 'मी नेहमीच येते' हे वाक्य त्यांच्या काळजाला घरं पाडून गेलं. गॉल्टच्या त्या खोलीत ही बाई मदत मागायला आली होती, आणि तिथेही तिने मान खाली घालून होय म्हटलं होतं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी घरात हे सांगितलं. शैलेंद्रांनी पोळीचा घास हातातच धरला.

"म्हणजे त्या डगचं काम तूच करून राहिली," ते म्हणाले. नागपूर सोडून इतकी वर्षं झाली तरी त्यांची भाषा तिथेच राहिली होती. "त्याला तरी शिफ्ट लावायला कम्प्युटर लागते. तू फ्रिजसमोर उभी राहून केलं नं."

"अहो, मला काय माहीत त्यांचं वर्ष घटस्थापनेला लागतं ते."

"मॉम, यू कुड हॅव जस्ट गूगल्ड इट," वॉटर्लूला युनिव्हर्सिटीत शिकणारी जाई फोनमधून मान वर न करता म्हणाली. मग तिने स्वतःच गूगल केलं आणि वाचून दाखवलं की दोन्हीकडे महिने चंद्रावर चालतात, त्यामुळे बऱ्याच वर्षी एकाच अमावास्येनंतर दोन्ही सण येतात. "अँड यॉम किप्पूर इज ऑन दसरा धिस इयर. सेम डे."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. दसरा म्हणजे साडेतीन मुहूर्तांपैकी एक. यंदा तो शनिवारी होता म्हणून बरं, नाहीतर पहिली तारीख हुकल्यावर त्यांनी दुसरी हीच मागितली असती, याबद्दल त्यांना स्वतःलाही शंका नव्हती. अज्ञानातही सातत्य लागतं, आणि ते त्यांच्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी न्यायाधिकरणाच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या मुलीने सांगितलं की एकोणीस तारखेचा मंगळवार नुकताच रिकामा झाला आहे, तो नको असेल तर मग एकदम फेब्रुवारी. फेब्रुवारी म्हणजे यॉम किप्पूर होऊन गेलेला, आणि बहुधा टोवाची नोकरीही गेलेली. बाईंनी दिनदर्शिका बघितली. एकोणीस तारखेला सर्वपित्री अमावास्या होती. पितृपक्षाचा शेवटचा आणि सगळ्यात वाईट दिवस. नागपूरच्या त्यांच्या पक्षकारांपैकी एकानेही त्या दिवशी कोर्टाची पायरी चढली नसती, आणि पांढरीपांड्यांच्या घरात तर त्या दिवशी आबांचं, म्हणजे बाईंच्या सासऱ्यांचं, पान वाढलं जायचं.

"वडे, खीर, आमटी सगळं मी बघतो," शैलेंद्र म्हणाले. "आबांना थोडा लेट होईल. ते रेल्वेत होते, त्यांना सवय आहे."

हो म्हणण्याआधी बाईंनी टोवाला विचारलं. मंगळवार चालेल का, खरंच चालेल का, मनापासून सांगा, उपास नाही ना, प्रार्थना नाही ना, घरात कुणाचं काही नाही ना. टोवा शेवटी हसली. ती हसताना बाईंनी पहिल्यांदा ऐकलं. मंगळवार साधा मंगळवार आहे, असं ती म्हणाली.

गॅलोवेंना ईमेल लिहायची राहिली. शैलेंद्र म्हणाले, पर्सनल रीझन लिही आणि मोकळी हो. बाईंनी तसं लिहिलंही, मग पुसलं. डगही टोवाच्या रजेच्या वेळी असंच काहीतरी गोलमोल लिहायचा, हे त्यांना आठवलं. त्यांनी सरळ लिहिलं की तारीख ठरवताना माझ्या अशिलाचं नववर्ष आहे हे मी पाहिलं नाही, चूक सर्वस्वी माझी, कृपया मंगळवारला संमती द्यावी. काही मिनिटांत उत्तर आलं की काहीच हरकत नाही, आनंदाने. समोरच्या वकिलाचा आनंद हे चांगलं लक्षण नाही, इतकं बाईंना नागपूरनेही शिकवलं होतं.

मध्यस्थी जवळच्या किचनर शहरातल्या एका हॉटेलच्या मीटिंग रूममध्ये होती. लांब टेबल, पाण्याचे जग, बिस्किटांची बशी. मध्यस्थ म्हणून एक पांढऱ्या केसांच्या, मंद आवाजाच्या बाई होत्या. समोर गॅलोवे, कंपनीची एचआरची बाई आणि हाताची घडी घालून बसलेला डग. टोवा सुनेत्राबाईंच्या शेजारी, आजही खुर्चीच्या कडेवर. बाईंनी कायद्याच्या कलमांसकट मोठं भाषण तयार केलं होतं. घरी आरशासमोर ते झकास झालं होतं.

पण आधी गॅलोवे बोलले. फार सभ्य माणूस. लॉकरवरच्या चित्राबद्दल कंपनीला खेद आहे, ते कुणी लावलं हे कळू शकलं नाही, असं म्हणाले. राहिला प्रश्न पाळ्यांचा. हे सण दरवर्षी हलतात, कधी सप्टेंबरात, कधी ऑक्टोबरात. कामाच्या गडबडीत एका फोरमनच्या लक्षात राहिलं नाही, यात द्वेष कुठून आला? "आणि हे मी म्हणत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी पुढ्यातला कागद उचलला. "आजची बैठक मुळात गुरुवारी होती. ज्यू नववर्षाच्या दिवशी. ती तारीख अर्जदाराच्या स्वतःच्या प्रतिनिधी मिस पँडरपँडी यांनी निवडली होती. त्यांनाही माहीत नव्हतं. मग डगला माहीत असायला हवं होतं का?"

डगने घडी सोडली आणि एक बिस्किट घेतलं.

सुनेत्राबाईंच्या भाषणावर पाणी पडलं. कलमं, मुद्दे, आरसा, सगळं वाहून गेलं. त्या सवयीने उभ्या राहिल्या. मध्यस्थ बाई म्हणाल्या की इथे उभं राहायची गरज नसते. त्या बसल्या. बसून त्यांना बोलता येत नाही, हेही त्यांना त्या क्षणी समजलं. केस बुडाली, आणि आपण बुडवली, आणि ही बिचारी परत त्या लॉकरपाशी जाणार, या विचाराने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मिस्टर गॅलोवे खरं बोलतायत," त्या म्हणाल्या. "या खोलीत अडाणीपणाची स्पर्धा असेल तर पहिला नंबर माझा. घरात कॅलेंडर असून, सबंध जन्म तारखा घेण्यात घालवून, मी चुकून नेमकी त्या दिवशी जाऊन आदळले. एकदा." त्या थांबल्या. पुढचं वाक्य त्यांनाही माहीत नव्हतं, ते आपोआप आलं. "पण मिस्टर डग तीन वेळा आदळले. पहिल्या वर्षी यॉम किप्पूर शनिवारी होता, तर शनिवारची जादा पाळी लावली. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात होता, तर पाळी सप्टेंबरात. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात, तर पाळी ऑक्टोबरात. सण हलत होता हे तुम्हीच म्हणालात. मग पाळी त्याच्या मागोमाग कशी हलत होती? अजाण माणूस एकदा चुकतो, माझ्यासारखा. दरवर्षी वेगळी तारीख शोधून नेमकं तिथेच चुकायचं तर अभ्यास लागतो."

एचआरच्या बाईंनी डगकडे बघितलं. डगने बिस्किट खाली ठेवलं.

"आणि मला चूक कळली तेव्हा मी एक ईमेल लिहिली," बाई म्हणाल्या. "मिस्टर गॅलोवेंनी लगेच हो म्हटलं. झालं. एवढंच होतं ते. टोवा दर ऑगस्टला सांगत होती."

हा मुद्दा आरशासमोर सुचला नव्हता. बाईंना तो सुचला असता तर त्यांनी त्यावर एवढी सजावट केली असती की तो कुणाला दिसलाच नसता.

मध्यस्थ बाईंनी टोवाला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का. असं विचारलं की टोवा आजवर मान खाली घालायची. या वेळी तिने हातातली पर्स टेबलावर ठेवली.

"चित्र मी फाडून टाकलं," ती म्हणाली. "ते मला लागलं नाही असं मी म्हणणार नाही. खूप लागलं. पण त्याहून वाईट काय ते सांगते. या माझ्या वकील. माझ्या बाजूच्या. यांनी मला माझ्या नववर्षाच्या दिवशी बोलावलं आणि मी म्हटलं, चालेल. मला यांची भीती नव्हती. तरीही म्हटलं. डग, हे मी तुझ्याकडे शिकले. आता मला नाही म्हणताच येत नाही, चांगल्या माणसालासुद्धा."

 डग टेबलाकडे बघत राहिला. गॅलोवेंनी तो ईमेलचा कागद उलटा करून ठेवला.

त्यानंतर दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या खोल्यांत बसवण्यात आलं आणि मध्यस्थ बाई दुपारभर इकडून तिकडे करत राहिल्या. संध्याकाळपर्यंत ठरलं. ताकीद रद्द, नुकसानभरपाई, डगची बदली, कारखान्यातल्या सगळ्यांना याविषयी बाहेरच्या माणसांकडून प्रशिक्षण, आणि पाळ्या लावताना सगळ्या कामगारांचे सण आधी विचारून घ्यायचे. टोवाने मागायचं नाही, कंपनीने विचारायचं. हे शेवटचं कलम टोवाने स्वतः घालायला लावलं.

सुनेत्राबाई घरी पोचल्या तेव्हा वडे गार झाले होते. आबांचं पान केव्हाच वाढून झालं होतं. केस आपल्या मूर्खपणामुळे जिंकलो की मूर्खपणा असूनही, हे त्यांना खीर खाताना ठरवता येईना. शैलेंद्र म्हणाले की दोन्ही लिहून टाक, फी तशीही नाही.

सण आटोपल्यानंतर, ऑक्टोबरच्या शेवटी, अंतिम कागद तयार होऊन आले. त्यावर टोवाची सही हवी होती. बाईंच्या टेबलासमोर आता एक ज्यू दिनदर्शिकाही लागली होती. ती दोनदा बघून, बुधवारी काही नाही याची खात्री करून त्यांनी फोन केला.

"टोवा, बुधवारी सकाळी यायला जमेल?"

"नाही," टोवा म्हणाली. "बुधवारी नाही जमणार."

 बाई खुर्चीतून उठून दिनदर्शिकेपाशी गेल्या, चौकटीवर बोट ठेवलं. "माफ करा हं, बुधवारी काय आहे? इथे तर काहीच दिसत नाही. उपास आहे का?"

"काही नाही," टोवा म्हणाली. "मला केस कापायला जायचंय."

बाई बोट तसंच ठेवून उभ्या राहिल्या. आपल्याला इतका आनंद का होतोय हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मग कधी येता?"

"बघते आणि कळवते," टोवा म्हणाली.

"बरं," असं म्हणून वकीलबाईंनी फोन ठेवला, आणि पक्षकार कधीची तारीख देतो याची वाट बघत बसल्या.